ओळंबा टाकून गेलेला गवंडी

सकाळी कालिंदीनं दार उघडलं, तर अंगणात कुणीच नव्हतं.

चिऱ्यांचा ढीग जागच्या जागी. घमेल्यात कालवलेलं सिमेंट सुकून दगड झालेलं, त्यात थापी उभीच रुतलेली. अर्धवट भिंतीच्या कडेला सुतळीला बांधलेला पितळी ओळंबा लोंबत होता.

ओळंबा पाहिला आणि ती जागीच थबकली. गवंडी एक वेळ चपला विसरेल, ओळंबा विसरायचा नाही. भिंत सरळ चढतेय की नाही हे सांगणारं ते वजन म्हणजे त्याचा तिसरा डोळा. भिकाजी मिस्त्री तर रोज काम सुटलं की तो पुसून, फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवायचा. मग तो आज इथं कसा?

तिनं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

काल दुपारी ती लेकीला, ओवीला, लसीचा डोस द्यायला पोलादपूरला गेली होती. परतली तेव्हा दिवेलागण झालेली, पोर तापानं फणफणलेली. अंगणाकडे बघायची शुद्ध कुणाला होती? म्हणजे टोळी गेली ती दुपारी, ती घरात नसताना. तीही अशी घाईनं, की हत्यारं उचलायला उसंत मिळाली नाही.

ही तिसरी टोळी. पहिली इथलीच, वाडीतली. गेटापासून भिंत घेत निघाली, निम्म्यात आली आणि गायब झाली. दुसरी महाडची. तिनं मागच्या अंगाला पाया खणायला घेतला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन हात झटकले. ‘दुसरीकडं अर्जंट काम आलंय,’ एवढाच निरोप. म्हणून ही तिसरी तिनं मुद्दाम घाटापलीकडून, खेडहून बोलावली. आल्यागेल्याला, दुकानदाराला, बालवाडीच्या बाईंना विचारून, चार ठिकाणी चौकशी करून. माणूस भरवशाचा हवा होता.

घाई होती ती भिंतीच्या हौसेपायी नव्हे. दोन-अडीच महिन्यांपूर्वी ओवी पावलं टाकायला लागली आणि त्याच आठवड्यात तिचा चेंडू घरंगळत रस्ता ओलांडून, रस्त्याखालून पाणी जायला असते तसल्या मोरीच्या पलीकडच्या तोंडात गेला. पोर चेंडूमागे. वरून खडीचा डंपर. कालिंदीनं तिला कशी ओढली, तिचं तिलाच आठवत नाही. नंतर चेंडू काढायला ती वाकली तेव्हा मोरी कोरडी ठणठणीत होती, चेंडूला साधा चिखलसुद्धा लागला नव्हता. एवढी दणकट मोरी इथं कुणी कशासाठी बांधली असेल, असं उगाच मनात आलं होतं.

तेव्हापासून रस्त्याच्या बाजूला ती पोरीला कडेवरून खाली ठेवत नव्हती. नवरा, श्रीधर, बोटीवर नोकरीला, दिवाळीपर्यंत येणार नव्हता. आणि आता मे संपत आला होता.

तिनं सयाजीला फोन लावला. सयाजी म्हणजे श्रीधरचा शाळेतला दोस्त. हा बंगला त्यानंच बांधून गेल्या दिवाळीत त्यांना विकला होता. वाळू, चिरे, जेसीबी, काहीही लागो, तो हजर.

“सयाजीभावजी, आज गवंडी आले नाहीत.”

“कमाल झाली! टेन्शन घेऊ नका वहिनी. ओळंबा, थापी टाकून पळणारी जात ही, यांचा काय भरवसा? मी तर पहिल्यापासून सांगतोय, खणाखणी सोडा. सिमेंटचे पोल ठोका, जाळी मारा, विषय एन्ड.”

“जाळी डंपरला अडवेल का?”

“अहो, डंपर काय घरात येतोय?” तो हसला. “बरं, किती खाली गेले होते हे लोक?”

“कमरेएवढं.”

“बघतो मी,” म्हणून त्यानं फोन ठेवला.

कालिंदीला त्याच्या बोलण्यातलं काहीतरी खुपलं होतं, पण काय ते हाताला लागेना.

शेजारचा सोनबा गुरं सोडत होता. वाडीत सगळ्यात जुना माणूस, तोंडानं फटकळ. भिंतीला पहिला दगड लागला त्या दिवशी कुंपणाशी उभं राहून तो म्हणाला होता, “हितं भिंत उभी राहायची नाय.” त्याच्या गुरांची वाट बंद होत होती, म्हणून म्हातारा चिडलाय असं तिनं धरलं होतं. गवंड्यांना पळवून लावणारा हाच, असा तिचा दाट संशय होता.

“सोनबाकाका, काल दुपारी तुम्ही घरीच होतात ना?”

“व्हतो की.”

“गवंडी कधी गेले?”

“माजं काय लक्ष त्यांच्यावर?”

“तुम्ही काही बोललात त्यांना?”

“मी कशाला बोलू गो? माजं तोंड आता खाण्यापुरतंच ऱ्हायलंय.” त्यानं बैलाच्या पाठीवर थाप मारली.

“मग गेले कसे? फाट्यावरून एसटीनं?”

“ते राहीबाईला इचार. तिच्या टपरीला म्हाईत नाय अशी एसटी नाय.”

फाट्यावरच्या टपरीत राहीबाईनं चहाचं आधण खाली उतरवलं. “एसटीला कुनी नाय आलं गो पोरी. दुपारी एक टेम्पो तेवढा गेला, घाटाकडं. मागं ताडपत्री बांधल्याली.”

“मे महिन्यात ताडपत्री?”

“मी पन त्येच म्हनलं. उन्हाला भ्यालं आसंल सामान!” राहीबाई खुदकन हसली. कालिंदीला हसू आलं नाही.

ती परतली तेव्हा कडेवरच्या ओवीचा ताप उतरला होता. पोर घराच्या मागं, उकरलेल्या मातीच्या ढिगाशी फतकल मारून बसली आणि दगड एकावर एक ठेवायला लागली. गुळगुळीत, बटाट्यासारखे वाटोळे दगड. ते एकमेकांवर राहीनात तशी चिडून किंचाळली. कालिंदीनं एक हातात घेतला. थंड, घासून घासून मऊ झालेला. लहानपणी महाडला नदीवर गेलं की असेच गोटे ती फ्रॉकमध्ये भरून आणायची.

ओवीला पाळण्यात निजवून ती दुपटी वाळत घालायला गच्चीवर गेली. दोरीवर एक टाकलं, दुसरं झटकलं आणि हात तसाच राहिला.

वरून सगळं एकदम दिसत होतं. समोरची भिंत गेटाकडून पहिल्या टोळीनं आणलेली, पलीकडच्या कोपऱ्यातून भिकाजीनं. मध्ये बैलगाडी जाईल एवढी फट, फटीत उघडा चर. दोघं दोन दिशांनी आले आणि एकाच जागी थांबले. त्या फटीच्या नेमकं समोर, रस्त्याखाली, मोरी.

ती वळली. मागचा चर स्वयंपाकघराच्या खिडकीशी संपलेला. त्याच्या वर डोंगराला खोल घडी पडलेली, करवंदीच्या जाळ्यांनी भरलेली.

तिनं मोरीपासून नजर उचलली आणि सरळ नेली. फट. मग घर. मग मागचा चर. मग ती घडी.

दुपटं हातातून सुटून अंगणात पडलं.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. “ताई, मी भिकाजी. माजा ओळंबा ठिवा तेवडा. मानूस पाठवतो.”

“माणसाला नाही देणार, मिस्त्री. उद्या सकाळी स्वतः या, तुमच्या हातात देते.”

“येतो.”

तिनं दुसरा फोन सयाजीला केला. “भावजी, तुमचं पटलं. जाळीच मारू. उद्या सकाळी येता का माप घ्यायला?”

सकाळी सयाजी आला तेव्हा भिकाजी पायरीवर खाली मान घालून बसला होता. त्याला पाहून सयाजीचं हसू ओठांवरच वाळलं. कुंपणापलीकडे सोनबा वैरण टाकत होता, तिनं त्यालाही हाक मारली. मोबाईल खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला होता. पडद्यावर श्रीधर, मागे बोटीची लोखंडी भिंत.

ओवी कडेवर. कालिंदीनंच सुरुवात केली.

“भावजी, काल मी तुम्हाला एवढंच म्हणाले, की गवंडी आले नाहीत. ओळंबा आणि थापी राहिली हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?”

“अहो, अंदाज...”

“ओळंबा टाकून गवंडी जाईल, असा अंदाज कुणी करत नाही. तुम्ही ते बघितलं. परवा दुपारी टेम्पो घेऊन तुम्हीच आलात, यांना मागं बसवलंत आणि कुणाला दिसू नयेत म्हणून वरून ताडपत्री बांधलीत. मी कोणत्याही क्षणी परत येईन म्हणून घाई केलीत.” ती भिकाजीकडे वळली. “मिस्त्री, तुम्ही बोलू नका. तुमच्या पोटावर पाय येईल. मी बोलते. चुकलं तर तेवढं चुकलं म्हणा.”

भिकाजी खांद्यावरच्या टॉवेलाला पीळ देत राहिला.

“आधीच्या दोन टोळ्यांनाही तुम्हीच दुसरं काम दिलंत, भावजी. माझा समज होता की कुणीतरी त्यांना घाबरवतंय. कुणी घाबरवत नव्हतं. खणताना खाली काय आहे ते त्यांना दिसायला लागलं, की तुम्ही त्यांना हलवत होतात. इथल्या कातळाचा दगड धारेचा निघतो, हात कापेल असा. पण त्या दोन चरांतून निघाले गोटे. गोटा वाहत्या पाण्याशिवाय गोल होत नाही. मी महाडची आहे. तेवढं कळतं मला.”

सयाजी चपलेच्या टोकानं माती उकरत होता.

“समोर मोरी आहे. पाणी नसताना मोरी कोण बांधतं? रस्ता झाला तेव्हा इथं पऱ्या होता, ओढा. पावसाळ्यात डोंगराच्या त्या घळीतून उतरणारा, इथून जाणारा, मोरीतून सुटणारा. तुम्ही तो भरावानं बुजवलात, वर घर बांधलंत आणि आम्हाला विकलंत. म्हणून तुम्हाला खणाखणी नको होती. म्हणून ‘किती खाली गेले’ हे विचारायचं होतं.” तिनं घराच्या मागच्या बाजूला हात केला. “पऱ्या मागच्या चरातून स्वयंपाकघराखाली येतो. तिथून ओवीच्या पाळण्याखाली. तिथून मोरीत. चुकलं का, मिस्त्री?”

भिकाजीनं मान वर केली नाही. “नाय ताई,” तो म्हणाला.

“पाइप टाकलाय खालनं,” सयाजी घाईघाईनं म्हणाला. “एकदम सेफ.”

“केवढा?”

भिकाजीनं दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. एवढा.

“सोनबाकाका, तुम्हाला माहीत होतं.”

“मी म्हनलं नव्हतं? भिंत उभी राहायची नाय म्हनून?”

“अर्धंच म्हणालात.”

म्हाताऱ्यानं हातातली वैरण खाली ठेवली. “सयाजी माजा पुतन्या हाय गो. माजा ल्योक त्याच्याच डंपरवर हाय. उरल्यालं अर्धं कुठल्या तोंडानं बोलू?”

मोबाईलमधून श्रीधरचा आवाज आला, तुटक. “सयाजी... अरे, एका बाकावर बसायचो रे आपण...”

सयाजीनं पडद्याकडे पाहिलं नाही. आता त्याच्या बोलण्यात ना लाज होती ना दमदाटी. बाजारभाव सांगावा तसा बोलला. “केस करा वहिनी. मी नाही म्हणत नाही. तारखा पडतील, माणसं येतील, माप घेतील. पण पाऊस काय तारीख बघून थांबणार हाय?”

आणि तो निघून गेला. कुणी त्याला अडवलं नाही. अडवून काय करायचं होतं?

“कालिंदी, तू आधी ओवीला घेऊन तुझ्या आईकडे जा. महाडला,” श्रीधर पडद्यावरून म्हणाला.

“महाडला?” ती म्हणाली. “आईकडे दर पावसाळ्यात पुराचं पाणी शिरतं म्हणून गॅसची शेगडी माळ्यावर चढवतात, श्रीधर. माझं अर्धं लहानपण त्या माळ्यावर गेलं. आपल्या मुलीचं जाऊ नये म्हणून तर आपण उंचावर घर घेतलं ना?”

पडद्यावर श्रीधरचा चेहरा स्थिर होता. तिला वाटलं तो विचार करतोय. मग कळलं, रेंज गेली.

पोलिसांत जायचं होतं. वकील गाठायचा होता. पावसाआधी भाड्याची खोली बघायची होती, आणि सगळा पैसा घर विकत घेण्यात गेलेल्या माणसाला खोली कोण देणार, तेही बघायचं होतं. पण त्याआधी एक गोष्ट होती.

तिनं ओळंबा भिकाजीच्या हातात दिला. “मिस्त्री, एक काम कराल?”

“बांधायचं नाय ताई. माज्या हातनं खोटं काम हुईल.”

“बांधायचं नाही. जेवढी बांधली तेवढी पाडायची. पाणी आलं की घराला अडून दोन्ही बाजूंनी फुटेल, आणि पुढं ही भिंत त्याला अंगणातच कोंडेल. आम्हाला बाहेर पडायला वेळ मिळायचा नाही.”

भिकाजीनं भिंतीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग ओवीकडे. “पन मग पोरगी...”

“माहीत आहे मला.”

त्यानं डोक्याला टॉवेल बांधला. सोनबा काही न बोलता कुंपण ओलांडून पहार घेऊन आला. तीन टोळ्या शोधायला तिचे दोन महिने गेले होते. पाडायला माणसं उभ्याउभ्या मिळाली.

पहिला चिरा धप्पकन खाली आला तशी ओवी टाळ्या पिटत किंचाळली. तिला वाटलं, खेळच चाललाय. ती कडेवरून खाली सुटायला बघू लागली, पाय झाडू लागली, रस्त्याकडे हात करून “जा, जा” म्हणू लागली. वळणावर डंपरचा हॉर्न वाजला.

कालिंदीनं तिला आवळून धरलं आणि भिंत जिथून उतरत होती तिथं, रस्त्याच्या आणि पोरीच्या मध्ये, जाऊन उभी राहिली.