बोटीवर किती जण?

मी डिझेल इंजिनांचा मेकॅनिक. त्या रविवारी ताईनं मला बोलावलं, ते वरवर भावोजींच्या बोटीचं इंजिन तपासायला. खरं कारण तिनं जिन्यात हळूच सांगितलं.

"दर रविवारी एकटाच जातो म्हणतात, आणि बोटीत दोन कप उष्टे सापडतात. तू जरा लक्ष ठेव."

भावोजी दातांचे डॉक्टर, मुंगीलाही न दुखवणारा माणूस. माझा विश्वास बसेना. पण धक्क्यावरून निघालो आणि त्यांचं साधं हसणंही मला खोटं वाटू लागलं.

ऊन लख्ख पडलं होतं. किनाऱ्याला धरून जाणारा कालवा, दोन्ही अंगांना गवत आणि चिखलाचा कुबट वास. इंजिन छान गुरगुरत होतं. त्यात बिघाड नव्हताच. खालच्या केबिनचं दार मात्र बंद होतं.

"खाली काय आहे?"

"काही नाही. दार अडकतं," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

पुढे उघडणारा पूल आला. वायरलेस खरखरला. पूलवाल्यानं विचारलं, "बोटीवर किती जण?"

"तिघं," भावोजी म्हणाले.

माझ्या कानशिलात रक्त चढलं. म्हणजे बाई खाली होती! वरून पूलवाल्यानं वाकून पाहिलं, मान डोलावली आणि पूल उघडला. मी खाली गेलो आणि खांद्यानं दार ढकलून उघडलं.

आत कुणी नव्हतं. लपायला कोपराही नव्हता. फळीवर एक कप होता आणि त्यातून वाफ निघत होती. सकाळपासून आम्ही चहा केलाच नव्हता…

मी वर आलो तेव्हा सुकाणूवरची नजर न हलवता भावोजी म्हणाले,

"पहिल्या रविवारी मी एकटाच आहे म्हणालो, तर पूलवाला पूल उघडेना. म्हणाला, मागे बसलेल्या बाईंना कोण मोजणार…?"

"मग इथं येताच कशाला?"

"तिला उतरवायला. दर वेळी वेगळ्या धक्क्याला बोट लावतो. पण ती उतरतच नाही रे…"

दुपारी परतलो. ताई आम्हाला न्यायला धक्क्यावर उभी होती. मी दोर बांधला. आम्ही दोघंही अजून बोटीतच होतो, आणि बोट एका अंगाला कलली, मग हलकी होऊन वर उसळली.

"उतरली…" भावोजी मटकन खाली बसले. ते हसत होते की रडत होते, कळेना.

ताईला आम्ही काहीच सांगितलं नाही. "बाई वगैरे कुणी नाही," एवढंच मी तिच्या कानात म्हणालो. ती मोकळं हसली.

गाडी मी चालवत होतो, भावोजी शेजारी. मागची अख्खी सीट ताईला. आरशात पाहिलं, तर ती अंग चोरून दाराला चिकटून बसलेली.

"ताई, ऐसपैस बस की."

"बसले असते रे," ती त्रासून म्हणाली, "पण जागा कुठंय?"