भुंग्याने काढलेला माग

"पोरगी आज्जीसंगं गाडीत गेली आसंल. चारला उसाचा फड पेटवायचा हाय," असं म्हणत मुकादम महिपती पलित्यावर डिझेल ओतायला लागला.

सृष्टीला ते पटेना. दिवाळीच्या सुट्टीत ती वडिलांबरोबर मेंढ्या घेऊन श्रीपूरला आली होती. कळप ऋतुजाच्या वडिलांच्या मोकळ्या रानात बसवला होता, त्यामुळे ऋतुजा आणि तिचा भाऊ गुरु यांच्याशी तिची चार दिवसांत गट्टी जमली होती. ऊस तोडणाऱ्या केराबाईची तीन वर्षांची परी झोपडीतून नाहीशी झाल्याचं कळताच तिघं धावत आली. परीच्या आज्जीची बैलगाडी सकाळीच कारखान्याकडे गेली होती आणि परीला तर गुरुने दुपारी पाहिलं होतं. त्याने तसं सांगितलंही. पण त्याचं ऐकतो कोण? एकटी केराबाई तेवढी हाका मारत बांधाबांधाने पळत होती.

समोर दोन एकर ऊस, पुरुषभर उंच. पाला वाळून कडकडीत झालेला, तोच तोडणीआधी जाळायचा होता. ठिणगी पडायचा अवकाश!

सृष्टी पळत जाऊन भुंग्याला घेऊन आली. हरवलेलं कोकरू हुडकायला तिचे वडील बिरुदेव याच कुत्र्याला सोडत.

गुरुने दोरीवरचा परीचा झगा आणला. भुंग्याने तो हुंगला, शिंकला आणि खाली बसला. मुकादम हसला. सृष्टीचे कान तापले. मग तिच्या ध्यानात आलं, झगा धुतलेला होता, त्याला नुसता साबणाचा वास! ती झोपडीत शिरली. परी जिच्यावर झोपायची ती मळकी गोधडी तिने कुणालाही हात लावू न देता बाहेर आणली.

भुंग्याने तिच्यात नाक खुपसलं. त्याची शेपटी ताठ झाली. जमीन हुंगत तो पाटापर्यंत गेला, घुटमळला, नाक वर करून वारा घेतला आणि सरळ उसात घुसला.

"मुकादम, थांबा. पोरगी आत हाय," सृष्टी म्हणाली.

"कुत्रं सशामागं बी जातंय की." महिपतीने पलिता पेटवला.

ऋतुजाने गुरुचा हात धरला आणि दोघं पलीकडच्या सरीत शिरली. आतून तिचा आवाज आला, "आमी दोघं बी हितं हाय. आता लावा आग."

फडमालकाचीच पोरं ती. महिपतीचा हात जागीच थांबला.

इकडे भुंग्यामागोमाग उसात शिरलेली सृष्टी रांगत पुढे सरकत होती. पाल्याने गाल चरचरत होते. भुंग्या दिसेनासा झाला, मग त्याची चाहूलही थांबली. तिने श्वास रोखला. डावीकडून बारीकसं कुंईकुंई ऐकू आलं.

सरीत परी गाढ झोपली होती. मुठीत चघळलेलं उसाचं कांडकं होतं, आणि भुंग्या तिचे तळवे चाटत होता.

परीला कडेवर घेऊन सृष्टी बाहेर आली, तेव्हा केराबाई धावत आली. पोरीला छातीशी धरून ती बांधावरच बसली. महिपतीने पलिता पाटात बुडवला. गलका ऐकून आलेल्या बिरुदेवने लेकीच्या केसांतला पाला काढला आणि एवढंच म्हटलं, "वास बराबर दिलास."

दुसऱ्या दिवशी शेजारचा फड पेटवायचा होता. महिपती स्वतः मेंढ्यांच्या तळावर आला आणि टोपी काढून सृष्टीसमोर उभा राहिला.

"ताई, आदी कुत्रं फिरवून घेता का? तुमी सांगितल्यावरच काडी लावतो."