उलटा वारा

बाई त्या रात्री घरातून निघाल्या त्या फक्त एक नळी तपासायला. भाजी गॅसवर तशीच होती. नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही जेवून घ्या, मी आलेच." नवरा हसून म्हणाला, "जा, दुसऱ्या सासरहून बोलावणं आलंय, नाही कसं म्हणणार!" हॉस्पिटलला तो बाईंचं दुसरं सासरच म्हणायचा.

राहू दे रे तो दिवा, बरा आहे अंधार. भूत असतं का असं विचारलंत ना मला? मला ठाऊक नाही. मी पाहिलेलं नाही. पण या बाई आमच्या वरच्याच मजल्यावर राहायच्या, आणि खोटं बोलायला गेल्या तर कान लाल व्हायचे अशी बाई. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्या कानांकडेच बघत होतो. पांढरेफटक होते.

नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. अमावस्या. रात्रीचे पावणेअकरा.

बाई हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर. त्या वर्षी आमच्याकडे तो वाईट ताप आला होता. आधी अंग मोडून यायचं, मग डोळे लाल व्हायचे, मग हिरड्यांतून रक्त. रक्ताचा नमुना मोठ्या शहरात पाठवायचा, आणि तिकडून रिपोर्ट यायचा तेव्हा इकडे माणूस संपलेला. वरातीमागून घोडं! म्हणून मोठ्या साहेबांनी ठरवलं, ही तपासणी आपल्याच हॉस्पिटलात सुरू करायची.

मोठे साहेब म्हणजे बाईंचे कॉलेजातले सर. बाईंना वडील लहानपणीच गेलेले, ती जागा सरांनी भरून काढली होती. लग्नातही वडिलांच्या जागी तेच उभे राहिले. सर म्हणाले पूर्व, की बाई सूर्याकडे न बघता मान डोलवणार.

हॉस्पिटलच्या मागच्या जुन्या कोठारात नवी खोली तयार झाली. आत एक मोठं कपाट बसवलं. साधं नव्हे हां. समोरून अर्धी काच, काचेखालच्या फटीतून हात आत घालायचे आणि रक्ताची नळी उघडायची. त्या कपाटाची सगळी करामत हवेत. पंखा हवा सतत आत ओढतो, गाळतो, मग बाहेर सोडतो. बसणाऱ्याच्या तोंडावर वारा येता कामा नये. आला तर त्यासोबत काय येईल ते सांगायला नको.

बाईंच्या हाताखाली एक मुलगी होती, तंत्रज्ञ. बाईंनीच शिकवलेली. सगळं हॉस्पिटल त्यांना बाई म्हणायचं, ही एकटी ताई म्हणायची, म्हणून बाई तिला धाकटी म्हणायच्या. हात असा स्थिर की बाई म्हणायच्या, "धाकटे, तू सुईत दोरा नाही, दोऱ्यात सुई ओवशील."

उद्घाटन झालं, फोटो निघाले, काम सुरू झालं. दुसऱ्याच आठवड्यात धाकटी म्हणाली, "ताई, कपाटासमोर बसलं की तोंडावर गार वारा येतो हो."

बाई कामात होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एसीचा असेल. सरांनी तपासून घेतलंय ते कपाट."

"बरं," धाकटी म्हणाली. आणि पुन्हा जाऊन बसली.

महिना संपायच्या आत तिला ताप आला. तोच. पाच दिवसांत गेली.

सरांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाले, "पोरी, मन घट्ट कर. चूक तिचीच होती. नळी उघडी असताना हातमोजा काढला तिनं. मी चौकशी केली आहे." बाईंना पटेना. पण सर सांगत होते. मग सरच म्हणाले, "तिच्या आईला तू सांग. तुझ्याकडून ऐकलं तर तिला पटेल."

आणि बाईंनी सांगितलं.  आई नुसती बघत राहिली.

खोलीला औषधाची धुरी देऊन कुलूप लावलं. काही आठवडे गेले. मग त्या शुक्रवारी सर म्हणाले, "सगळं पुन्हा तपासून घेतलंय. आता तुझ्याशिवाय कोण बसणार तिथे? बिनधास्त सुरू कर." आणि शनिवारी रात्री वॉर्डातून सिस्टरचा फोन आला.

"बाई, एक बाळंतीण आहे. ताप उतरत नाही आणि आता हिरड्यांतून रक्त यायला लागलंय. बाळ आईजवळ ठेवू की उचलू?"

"मी येते," बाई म्हणाल्या. "तपासून सांगते."

तर अशा निघाल्या. वॉर्डातून नमुन्याचा डबा घेतला आणि मागच्या रस्त्यानं कोठाराकडे चालू लागल्या. रस्त्यावरचा एक दिवा चालू, एक बंद. कुत्रंसुद्धा नव्हतं.

बाहेरच्या दाराला कुलूप. किल्ल्या दोनच. एक बाईंकडे, दुसरी सरांकडे. बाईंनी कुलूप काढलं, आत आल्या, डबा टेबलावर ठेवला. ही कपडे बदलायची खोली. इथून काचेतून आतली खोली दिसते, आणि भिंतीवर आत बोलायचा फोन. बाई पांढरा पोशाख चढवायला लागल्या. एक बाही घातली. दुसरी घालता घालता त्यांना घरघर ऐकू आली.

आतल्या कपाटाचा पंखा चालू होता.

बाईंनी वर पाहिलं. काचेपलीकडे उजेड होता. आणि कपाटासमोर कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. पांढरा पोशाख, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर लावायच्या पारदर्शक ढालीचा पट्टा मागे बांधलेला.

बाईंना आधी रागच आला. एवढ्या रात्री, न विचारता, कोण हा शहाणा? सरांनी नवा तंत्रज्ञ पाठवला की काय? त्यांनी काचेवर टकटक केली.

ती व्यक्ती वळली नाही.

मग बाईंना आठवलं. कुलूप तर आत्ता आपणच काढलं... बाहेरून.

हात तसाच बाहीत राहिला.

आतल्या माणसानं उजवा हात वर केला. सावकाश. चिमटीत पातळ कागदाची एक पट्टी होती. ती त्यानं काचेखालच्या फटीसमोर धरली. बाईंना खूण कळली. असं करून वारा बघतात. पट्टी आत ओढली गेली पाहिजे.

पट्टी बाहेर आली.

बाहेर. बसणाऱ्याच्या तोंडाकडे. फडफडत.

हात खाली गेला. पुन्हा वर आला. पुन्हा पट्टी धरली. पुन्हा बाहेर. पुन्हा...

हात जराही हलत नव्हता. इतका स्थिर.

भिंतीवरचा फोन वाजला.

बाई सांगत होत्या, तो उचलायचा नव्हता हो मला. हातानंच उचलला. पलीकडे नुसती घरघर. मग...

"ताई."

बाईंनी फोन कानाशी दाबून धरला.

"ताई... आत येऊ नका."

 बाईंच्या तोंडून एवढंच निघालं, "धाकटे... तू हातमोजा..."

पलीकडे काहीच नाही. घरघर. कुणीतरी थांबून बघतंय असं वाटलं. मागे न वळता.

"तुम्ही पण, ताई?"

आणि उजेड गेला. पंखा बंद. फोन मुका. काचेत आता फक्त बाईंचा स्वतःचा चेहरा दिसत होता.

दुसरी कुणी असती तर बोंब मारत पळाली असती. बाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. थोड्या वेळानं मोबाईल काढला आणि सरांना लावला. सर झोपेत होते.

"सर, मी कोठारात आहे. एक नमुना आलाय. एक विचारायचं होतं. कपाटाचा वारा..."

बाईंचं वाक्य पुरं झालं नाही. पलीकडे झोप एका क्षणात उडाली.

"तू आत गेलीस का?"

बाई काचेपलीकडच्या अंधाराकडे बघत राहिल्या.

"मी विचारतोय, आत गेलीस का? नळी उघडलीस? हे बघ, आत जाऊ नकोस. बाहेर ये. आधी बाहेर ये तू."

"का, सर?"

...

"का, सर?"

मग सर बोलायला लागले. घाईघाईनं. कपाट बसवणारा कारागीर म्हणाला होता की वारा तपासायला सोडलेला धूर उलटा येतोय, गाळणी बदलावी लागेल. गाळणी यायला दोन महिने. उद्घाटन तोंडावर. वरून रोज फोन. आणि लोक मरत होते, तू पाहिलंस ना, थांबलो असतो तर...

"आणि आता? काल मला म्हणालात, बिनधास्त सुरू कर."

"एखाद-दुसऱ्या नमुन्यानं काही होत नाही. गाळणी येतेच आहे. मी सोमवारी सांगणारच होतो तुला."

"सोमवारी," बाई म्हणाल्या.

"पोरी, ऐक..."

"आणि तो हातमोजा?"

 सरांचा आवाज बदलला. बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत तो आवाज मी ऐकलाच नव्हता. थंड. हिशेबी.

"तिच्या आईला ते मी नाही सांगितलं," सर म्हणाले. "तू सांगितलंस."

बाईंनी फोन ठेवला. भूत बघून त्या रडल्या नव्हत्या. तेव्हा रडल्या.

मग उठल्या. वॉर्डात गेल्या आणि सिस्टरला म्हणाल्या, "बाळ उचल. आईला वेगळ्या खोलीत घे, ताप तोच आहे असं धरूनच औषध सुरू कर." नमुना रातोरात गाडीनं शहरात पाठवला. ताप तोच निघाला. पण बाळ वाचलं, आणि नशीब बघा, आईसुद्धा वाचली.

पुढे चौकशी झाली. बाईंनी सगळं सांगितलं, आपलं ते 'एसीचा असेल' सुद्धा लपवलं नाही. भुताचं तेवढं सांगितलं नाही. सरांची बदली झाली. खाली नव्हे, वरच्या जागेवर. निरोप समारंभात सर म्हणे बाईंविषयी म्हणाले, "मुलीसारखं वाढवलं, पण शेवटी गळा कापला." लोक हळहळले. सरांसाठी.

बाई धाकटीच्या आईकडे गेल्या. दारात उभं राहूनच म्हणाल्या, "तिनं हातमोजा काढला नव्हता. तिची काही चूक नव्हती." आईनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "परके बोलले तर बोलले. तुम्ही तरी तिला ओळखत होतात ना?" आणि दार लावून घेतलं. मोठ्यानं नाही. हळूच.

बाईंना ते भुतापेक्षा जड गेलं. नंतर त्या नोकरी सोडून गेल्या. कुठे, ते मी विचारलं नाही.

आता राहिली ती त्या रात्रीनंतरची, रविवारची सकाळ. बाईंनी कारागिराला बोलावून घेतलं होतं. तो नखशिखांत पोशाख चढवून आत गेला, बाई काचेबाहेर उभ्या. कपाटाची वायर धुरी दिली त्या दिवसापासून काढून, गुंडाळून, वर ठेवलेली होती. वायरीवर धूळ बसलेली. पंखा चालू होणं शक्यच नव्हतं. कागदाची पट्टीबिट्टी कुठे नव्हती.

खुर्चीवर फक्त एक ढाल पडली होती. चेहऱ्यावर लावायची, ती पारदर्शक. कारागिरानं उचलून काचेसमोर धरली, बाईंना दाखवायला. आतल्या बाजूनं ती धुरकट झाली होती. कुणी तोंडाशी धरून श्वास सोडावा, तशी.

त्यानं कापडानं पुसली. स्वच्छ झाली.

दोघं बघत राहिले.

ढाल पुन्हा धुरकट झाली. मग निवळली. मग पुन्हा धुरकट झाली...

सावकाश.

दमलेलं माणूस घेतं, तसे श्वास.