आईची शाल आणि हीटर

"हीटर ठणठणीत आहे हो. तुम्हीच त्याला गप्प बसवलंय!"

हॉटेलचा मेकॅनिक चक्क आपल्या भाषेत बोलला, आणि मी दारातच थबकले. बर्फाने पांढऱ्या पडलेल्या त्या परक्या शहरात आठवडाभर असं कुणी बोललंच नव्हतं.

"आम्ही?"

"ही शाल हीटरच्या तापमानाच्या बटणावरच टाकलीय ना. बटणाला वाटतं, खोली तापली... ते हीटर बंद करतं. काढू?"

"हात लावू नका!" पलंगावरून बाबा ओरडले. "ती फिरून येईल ती गारठूनच. शाल गरम नको?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ही सुट्टी आईनेच ठरवली होती... बर्फ बघायचा होता तिला. पावसाळ्यात ती गेली. आणि बाबा इथे येऊन तिची वाट बघत बसले होते.

आता हा हसणार, असं वाटलं. पण देव कुणाच्या रूपाने दारात उभा राहील, सांगता येत नाही बाई! त्याने मुकाट्याने ड्रिल काढलं, हीटरच्या वर भिंतीत एक दांडी बसवली आणि शाल अलगद तिच्यावर टाकली.

"काका, आता तुम्हालाही ऊब, काकूंनाही."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. "दांडी सैल झाली का, बघायला आलो."

"नाही झाली."

"होईल. उद्याही येतो."

"इतकं कच्चं काम करता?"

"फक्त याच खोलीत..."

कित्येक महिन्यांनी मी हसले — आणि बाबांकडे बघून ओशाळले.

तो रोज येत राहिला. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नाही.

निघायच्या सकाळी त्याने आमच्या बॅगा टॅक्सीत ठेवल्या. बाबा मागे बसून शेजारची जागा हाताने झटकत होते. आईसाठी.

"राहशील इथे... माझ्याजवळ?" तो हळूच म्हणाला. "आई अंथरुणाला खिळलीय माझी. नाहीतर मीच आलो असतो तिकडे."

"आणि बाबांना कुणाच्या भरवशावर सोडू रे?"

"ठाऊक आहे. पण न विचारता जाऊ दिलं असतं, तर जन्मभर डाचलं असतं."

त्याच्या पापण्यांवर बर्फ साचत होता. मी बोटाने पुसला.

"मग उत्तरही घेऊन ठेव," मी म्हणाले. "हो."

आणि ड्रायव्हरशेजारी बसून दार ओढून घेतलं.