वाकलेलं पातं

साउथहॅम्प्टनहून उडालेलं विमान अकराव्या मिनिटाला परत उतरलं. नाक सरळ असताना पायलटच्या हातातला दांडा हीव भरल्यासारखा थरथरत होता. पंख आता हवा सोडणार, असा तो इशारा, आणि तोही खोटा.

विमानाच्या नाकाच्या डाव्या बाजूचं पातं कालच मेकॅनिक तनयाने बदललं होतं. कागदावर सही तिची. "तुझं लायसन्स जाणार," मॅनेजर विक्रांतने सांगून टाकलं.

तपासाला बेंजामिनकाका आले. विमानांचे रिटायर्ड इन्स्पेक्टर. वारा सुटायच्या आधी त्यांच्या मिशांना कळतं, अशी हँगरमध्ये अफवा होती. ती त्यांनीच पसरवलेली.

"पातं म्हणजे चर्चच्या कळसावरचा कोंबडा," काका म्हणाले. "समोरच्या हवेत वळतं. किती वळलं त्यावरून पंख हवेला किती तिरका भिडतोय, ते कॉम्प्युटरला कळतं. शून्य जुळवलंस?"

"जुळवलं, काका. उजव्या पात्याशी ताडून पाहिलं."

"मग?"

"हीटर टेस्ट केला आणि चहाला गेले." तनयाने मान खाली घातली. "दुसरी तपासणी विक्रांतनी केली."

"पक्षी धडकला असेल," विक्रांत म्हणाला. चहाचा मग डाव्या हातात, उजवा हात खिशात.

काका शिडी चढले, बराच वेळ पात्याला नाक लावून बसले.

"पक्षी मागे वाकवतो, बाबा. हे खाली वाकलंय, नखभर. उजवा हात दाखव."

तळव्यावर आडवा, भाजलेला चट्टा.

"टोस्टर," विक्रांत पुटपुटला.

"मग तुझी कातडी इथे कशी चिकटली? शिडीवरून घसरलास, हाताला आलं ते धरलंस. पातं आधी फिरलं, अडलं, मग वाकलं. बर्फ धरू नये म्हणून ते आतून तापतं. तेव्हा तापलेलंच होतं. भाजलास, घाबरलास, आणि पोरीच्या सहीखाली सही ठोकलीस. चौतीस माणसं होती रे विमानात."

विक्रांत शिडीच्या पायरीवर बसला. "ते उतरेपर्यंत श्वास घेतला नाही मी, काका."

"घेतला असतास तर बोलता आलं असतं." काका तनयाकडे वळले. "तू सुटलीस, जा."

ती हलली नाही.

"रिपोर्टात अजून एक ओळ घाला, काका. हीटर बंद करायचा मी विसरले. सकाळपासून गप्प होते."

"लायसन्स परत टांगणीला लागेल."

"लागू दे."

काकांनी पेन तिच्याच हातात दिलं.