बंद पाकिटातली खेळी

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या बाबतीत घडलेली आहे. खोटं न बोलण्याचा माझा नेम आहे. तो मी भुताच्या गोष्टीसाठी मोडणार नाही.

रात्रही नव्हती. शनिवार होता, दुपारचे चार. वाचनालयाच्या माडीवरची मागची खोली.

त्या खोलीत एकेचाळीस वर्षं बुद्धिबळ मंडळ भरलं. सुरू केलं दोघांनी. गणिताचे मास्तर, म्हणजे आमचे अण्णा, आणि कोपऱ्यावरचे घड्याळजी. सहा पट, एक कपाट आणि घड्याळजींनी स्वतः जुळवलेलं दोन तबकड्यांचं घड्याळ. आपली खेळी झाली की आपलं बटण दाबायचं, मग समोरच्याची तबकडी चालू. आपल्या शेवटच्या वर्षी घड्याळजींनी तबकड्यांचे आवाज वेगळे करून टाकले. स्वतःची टिकटिक जाड, अण्णांची बारीक.

"हे काय नवीन?" अण्णांनी विचारलं.

"गंमत हो, मास्तर!"

मंडळाचा एक नियम होता. डाव अर्धा राहिला, तर ज्याची पाळी त्याने पुढची खेळी कागदावर लिहून पाकिटात बंद करायची. पुढच्या शनिवारी पाकीट फोडायचं. पण फोडायचं ते लिहिणाऱ्यानेच.

असं एक पाकीट अकरा वर्षं कपाटात पडून होतं.

ते बंद झालं त्या दिवशी घड्याळजी एकेका खेळीला अर्धा अर्धा तास घेत होते. सोंगट्या चाचपत होते. अण्णा मुळात तापट. चारचौघांत ताडकन बोलून गेले, "अहो, डोळे फुटले का तुमचे? एवढा मोठा उंट दिसत नाही? जमत नसेल तर घरी बसा!"

कुणीतरी फिदीफिदी हसलं.

घड्याळजींनी कागदावर काहीतरी लिहिलं, पाकीट चिकटवलं. "बरं मास्तर. शनिवारी बघू."

तो शनिवार आलाच नाही. गुरुवारी दुकानाच्या पायऱ्या उतरताना त्यांचा पाय चुकला. जागीच गेले.

अण्णांनी पाकीट फोडलं नाही. नियम म्हणायचे. मला विचाराल तर भीती होती. आत खेळी नसली तर? 'तुमचं तोंड पाहणार नाही' असं लिहिलेलं असलं तर?

मंडळ हळूहळू ओस पडलं. वाचनालयाला खोली परत हवी होती. ग्रंथपाल बाईंनी अण्णांना गळ घातली, "मंडळाचा इतिहास तेवढा लिहून द्या, फडताळात ठेवते." अण्णांनी सगळे डाव, सगळे निकाल वहीत उतरवले.

"एक रकाना कोराच राहिलाय," बाई म्हणाल्या.

"खेळणारा आला नाही अजून."

"अहो, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली! तुम्ही जिंकलात असं लिहा आणि मोकळे व्हा."

अण्णांनी वही मिटली. पण खोलीचा तो शेवटचा शनिवार होता. नियमाप्रमाणे गैरहजर माणसाची तबकडी चालू करायची. तासभर वाट पाहायची. नाही आला तर तो हरला.

त्यांनी आठवणीने डाव मांडला. पाकीट समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं. घड्याळजी गेल्यापासून बंद पडलेल्या घड्याळाला किल्ली दिली.

बटण दाबलं.

टक्... टक्... टक्...

जाड आवाज. घड्याळजींचा.

पंचावन्न मिनिटं गेली. खालच्या रस्त्यावरचे आवाज एकाएकी थांबले. ना सायकलची घंटा, ना माणसांचा गलका.

खोलीत घड्याळाच्या तेलाचा वास आला...

अण्णा उठून खिडकीशी गेले. पाठीमागे खुर्ची करकरली...

खट्ट!

आणि टिकटिक बारीक झाली.

अण्णांची पाळी.

ते वळले. खुर्ची रिकामी होती. पाकीट मात्र फोडलेलं होतं. घड्याळजी पातळ पातीने फोडायचे, तसं, एका सरळ रेषेत.

आतला कागद त्यांनी उलगडला. अक्षरं एकमेकांवर चढलेली, ओळ कागदाबाहेर घसरलेली. वर हत्तीची खेळी होती. तिच्याखाली...

"मास्तर, खरंच दिसत नाही हो आता. कुणाला सांगू नका. पुढच्या शनिवारपासून तुमच्या चाली जरा बोलून सांगाल का?"

सहाला बाई कुलूप लावायला वर गेल्या. अण्णा एकटेच बसलेले. डोळ्यांना धार. मोठ्याने म्हणत होते, "घोडा, राजाच्या पुढ्यात. नीट ऐकू आलं ना?"

"अण्णा, कुणाशी बोलताय?"

"हळू बोला. ते विचार करतायत."

बाई मला अजून शपथेवर सांगतात. अण्णांचे दोन्ही हात मांडीवर होते... आणि खट्ट वाजलं.

वहीतल्या त्या रकान्यात अण्णांनी दोनच शब्द लिहिले. 'डाव चालू.'

घड्याळ घरी आणलं. पुढची चार वर्षं दर शनिवारी चारला ते दार लोटून बसायचे आणि चाली बोलून सांगायचे. मी बाहेर जप करत असायची. जाड टिकटिक, मग बारीक, मग पुन्हा जाड. घाबरले नाही कधी. उलट बरं वाटायचं.

गेल्या वर्षी अण्णाही गेले.

मला वाटलं, चला, आता समोरासमोर बसले असतील दोघं. घड्याळ पुसून कपाटात ठेवलं. किल्ली दिली नाही.

परवा शनिवारी चारला कपाटातून आवाज आला...

टिक... टिक... टिक...

बारीक.

अण्णांची पाळी. म्हणजे पलीकडे कुणीतरी खेळी करून, कान देऊन बसलंय.

मग अण्णा कुठे आहेत? तिकडे दोघांची गाठच पडली नाही का?

मला बुद्धिबळ येत नाही. कपाटाला हात लावून मी म्हटलं, "घड्याळजी, अण्णा गेले हो. तुमच्याकडेच निघाले होते."

टिकटिक थांबली नाही.