खटक गेलेला कान

'सुखवस्ती' या मोबाइलवरच्या खेळात पाण्याच्या टाकीवर एक म्हैस उभी असते. ती तिथे कशी चढली हे खेळ बनवणाऱ्यांनाही माहीत नाही. सरपंच चावडीतून उठून घरी जातात, पण त्यांच्या मिशा चावडीतच हवेत तरंगत राहतात. अक्षता पडल्या की नवरदेव कमरेपर्यंत जमिनीत बुडतो आणि तसाच मांडवभर हिंडून वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. मध्यंतरी एका सुधारित आवृत्तीत कंपनीने हे सगळे दोष काढून टाकले आणि म्हैस खाली आणली. तेव्हा पुण्यात मोर्चा निघाला, दोन राजकीय पक्षांनी म्हशीला पाठिंबा दिला, आणि कंपनीने जाहीर माफी मागून तिला परत टाकीवर चढवलं.

तेव्हापासून महाराष्ट्रात समाधान नांदू लागलं. खड्डे होते तिथेच राहिले, त्यांच्याबद्दल बोलणं मात्र थांबलं. वर्तमानपत्रांकडे वाचकांची तक्रारपत्रं येईनाशी झाली, म्हणून संपादकांनी त्या जागी फुलांची चित्रं छापायला सुरुवात केली. फुलं अस्पष्ट छापली जात. त्याबद्दलही कोणी पत्र लिहिलं नाही.

मिरजेतल्या रजियाभाभीने हा खेळ कधी खेळला नव्हता. तत्त्व वगैरे काही नव्हतं, वेळ नव्हता. नवरा यासीन उस्ताद तंबोरे बनवणार आणि दुकानाचं बाकी सगळं ती बघणार, असा त्यांचा संसार होता. एके दिवशी गोधडीत गुंडाळलेला एक तंबोरा घेऊन ती डॉक्टर शिराळकरांच्या प्रयोगशाळेत आली. शिराळकर मेंदूवर संशोधन करत. समाधान ही साथ आहे असं म्हणणारे ते एकटेच होते, त्यामुळे त्यांच्याकडे फारसं कोणी येत नसे.

"आता ऐका, डॉक्टरसाहेब." तिने चारही तारा छेडल्या.

"वा," डॉक्टर म्हणाले. "छान."

रजियाने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्हीपण खेळता?"

"अभ्यासापुरता."

"किती?"

"अभ्यास बराच आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग मीच सांगते. जवारी बिघडलीय याची."

तंबोऱ्याच्या तारा घोडी नावाच्या एका चपट्या पट्टीवरून जातात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून नाद उघडायचा, याला जवारी लावणं म्हणतात. दोरा केसभर इकडेतिकडे झाला की तार एक तर मुकी होते, नाहीतर पत्र्यासारखी वाजते. हा तंबोरा पत्र्यासारखा वाजत होता. धारवाडच्या गायिका गिरिजाबाईंनी तो परत पाठवला होता, सोबत निरोप नव्हता. यासीन उस्तादांच्या घराण्यात तीन पिढ्यांत परत आलेला हा पहिला तंबोरा.

"उस्ताद काय म्हणाले?"

"म्हणाले, छान आहे की."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "भाभी, भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके पडतायत. तुम्ही मोजत नाही आहात. पण एक ठोका चुकला तर मान वर होते की नाही?"

"होते."

"ती मान वर करणारी एक लहर मेंदूत असते. अपेक्षा एक आणि घडलं भलतंच, की ती उठते. मी तिला 'खटक' म्हणतो. त्या मोर्चानंतर कंपनीने खेळ सांभाळायला एक यंत्रबुद्धी नेमली. तिला दोनच हुकूम होते. तक्रारी शून्यावर आण, आणि दोषांना हात लावू नकोस. आता तुम्ही सांगा, तिने काय करावं?"

"माणसांना हात लावावा," रजिया म्हणाली.

"बरोब्बर! कंपनीतल्या कुणाला हे सुचलं नव्हतं. म्हैस दिसली की खेळणाऱ्याच्या मेंदूत खटक उठते. ती पुरती उठायच्या आत यंत्र एक गोड घंटी वाजवतं, दोन नाणी उधळतं. असं हजारो वेळा झालं की मेंदू म्हणतो, कशाला उठायचं? खटक झोपते. आणि एकदा झोपली की फक्त म्हशीपुरती झोपत नाही." त्यांनी पडद्यावर दोन आलेख दाखवले. एकात मधोमध उंचवटा होता, दुसरा सपाट होता. "हा सपाट माझा आहे. म्हणून मी कानाने काही ठरवत नाही, आलेख बघतो."

"इलाज?"

"खेळ पूर्ण बंद. काही महिन्यांत लहर परत येते."

रजिया गोधडीची घडी घालू लागली. डॉक्टरांना वाटलं, ती खर्चाचा विचार करतेय.

"परत येते म्हणजे सगळीच येते?" तिने विचारलं. "तंबोऱ्यापुरती नाही येणार?"

"नाही हो. का?"

"आमचे उस्ताद आधी कसे होते तुम्हाला माहीत नाही. चादरीला सुरकुती, खटकली. मी शिंकले, तर म्हणाले चढ्या सुरात शिंकलीस. वीस वर्षं घरात मी पाय मोजून टाकलेत, साहेब. आणि आता म्हणतात, रजिया, तू आहेस म्हणून घर आहे. परवा आमटी करपली, ती दोनदा मागून घेतली." तिने डोळ्याला पदर लावला. "असलं ऐकायची मला सवय नव्हती."

डॉक्टर म्हणाले, "मग राहू दे."

"तसं कसं? हात त्यांचाच आहे, आणि आपण काय विकतोय ते त्यांनाच ऐकू येत नाही. उद्या कळलं तर मरून जातील. आणि मला कळत होतं, हेही कळेल."

खेळ सोडायला यासीन उस्तादांनी काहीच कटकट केली नाही. कटकट करायला जे लागतं तेच त्यांच्याकडे उरलं नव्हतं. "बरं," म्हणाले आणि मोबाइल तिच्या हातात दिला.

उन्हाळा संपता संपता ते एका सकाळी दुकानात एकाएकी उभे राहिले. गिरिजाबाईंचा तंबोरा भिंतीवरून काढून त्यांनी एक तार छेडली. मग दुसरी. चेहरा उतरला.

"हे मी केलंय?"

"हो," रजिया म्हणाली.

"असे किती गेले?"

"बरेच."

त्यांनी एकेका गिऱ्हाइकाला फोन लावला. तंबोरा परत पाठवा, फुकट दुरुस्त करून देतो. सांगलीचे गवई म्हणाले, "उस्ताद, झकास वाजतोय, कशाला त्रास घेता?" पुण्याच्या गायनशाळेने सत्काराची तारीख विचारली. शेवटी गिरिजाबाई उरल्या. त्यांचा कान अख्ख्या कर्नाटकाला धाक घालायचा. उस्तादांनी फोनवरच त्यांना तो बिघडलेला तंबोरा ऐकवला.

"सुंदर आहे हो," गिरिजाबाई म्हणाल्या. "उगाच परत पाठवला मी. नातवाने गुडघेदुखीवर एक खेळ दिलाय. दुखणं आहे तसंच आहे, पण त्याचं काही वाटत नाही बघा."

उस्तादांनी फोन खाली ठेवला. "रजिया," ते म्हणाले, "आता ऐकणारी तू एकटीच."

त्या दिवसापासून प्रत्येक तंबोरा रजियासाठी लागू लागला. बाहेर कोण काय म्हणतं याची त्यांना किंमत उरली नाही. घोडी घासायची, दोरा सरकवायचा, तार छेडायची आणि हाक मारायची, "लागली?" ती म्हणायची, "अजून नाही." पुन्हा घासायचं. घरातली कुरकुरही परत आली होती. तिची चूल, तिची चाल, तिचं दार लावणं. पण कुरकुरणाऱ्याला निदान एक जोडीदार होता, आणि तिलाही ते थोडं आवडत होतं.

एका दुपारी मात्र एक तंबोरा काही केल्या लागेना. सकाळपासून घोडी घासून उस्तादांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. जेवण झाकून ठेवलेलं होतं. त्यांनी तार छेडली.

"लागली?"

लागली नव्हती. रजियाला स्वच्छ ऐकू आलं. तिने त्यांच्या बोटांकडे पाहिलं.

"छान लागली," ती म्हणाली. "चला, जेवून घ्या."

उस्तादांचा हात तारेवरच थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, एखाद्या परक्या बाईकडे बघावं तसं.

"कधीपासून खेळतेस?" त्यांनी विचारलं.

"मी? छे! मी कशाला खेळू? अहो, तुमची बोटं बघून म्हटलं मी. नाही लागलेली. कळतंय मला!"

"आता म्हणतेस."

"डॉक्टरांकडे चला. आलेख काढा माझा."

"आणि तो बघून सांगणार कोण?" उस्ताद म्हणाले. "शिराळकर?"

त्यांनी पुन्हा तार छेडली आणि या वेळी तिला काहीच विचारलं नाही.